चिकन मोले दर वेळी कडू होतंय? चॉकलेट नंतर, आधी मिरच्या तपासा

तक्रार बहुधा अशीच असते. मेक्सिकोतल्या पुएब्लाचं मोले पोब्लानो, म्हणजे सुक्या मिरच्या, दाणे आणि थोडं चॉकलेट घातलेला दाट रस्सा करायला घेतला, २०-२२ जिन्नस जमवले, अर्धा दिवस स्वयंपाकघरात घातला. रस्सा दाटसर झाला, वर तवंगही आला. पहिला घास छान लागतो, पण तो गिळला की घशाशी एक जळकट कडवटपणा येऊन बसतो आणि पाणी प्यायलं तरी हलत नाही. मग साखर पडते. आणखी साखर पडते. चिकन तेवढं वेचून खाल्लं जातं आणि रस्सा फ्रीजमध्ये पडून राहतो. पुढच्या वेळी चॉकलेट निम्मं घालून पुन्हा सगळा घाट, आणि पुन्हा तीच चव.

चॉकलेट कमी केल्याने हे थांबत नाही, कारण दोष सहसा चॉकलेटचा नसतोच. सव्वा किलो चिकनला पुरेल एवढ्या मोलेत चॉकलेट जातं ३०-४० ग्रॅम, तेही सगळं शिजून झाल्यावर. कडूपणा त्याच्या कितीतरी आधी शिरलेला असतो, मिरच्या गरम चरबीत पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात. तिथे करपलं की पुढे कितीही निगुतीने केलं तरी ते भरून निघत नाही. म्हणून शेवटच्या चवीवरून अंदाज बांधत बसू नका. कुठल्या टप्प्यावर बिघडलं ते तिथल्या तिथे पकडायचं, आणि त्यासाठी प्रत्येक टप्प्यावर चमचा तोंडात घालायचा.

किंचित कडसरपणा मोलेत असतोच आणि तो असायलाच हवा. कारळ्याच्या चटणीत असतो तेवढा, मागे राहून बाकीच्या चवी उठवणारा. तो काढून टाकायच्या मागे लागाल तर हाती गोडमिट्ट टोमॅटोचा रस्सा उरेल. दोष म्हणायचा तो कोरड्या, जळक्या आणि घासागणिक वाढत जाणाऱ्या कडूपणाला.

तीन ठिकाणी चव घ्या

पहिली जागा म्हणजे मिरच्या भिजवलेलं पाणी. मिरच्या परतून गरम पाण्यात अर्धा तास ठेवल्या की त्यातलं चमचाभर पाणी गार करून चाखा. ते तिखट लागेल, थोडं मातकट लागेल, किंचित कडसर लागलं तरी हरकत नाही. पण थुंकून टाकावंसं वाटलं तर मिरच्या करपल्या आहेत. इथे थांबायचं. मिरच्या टाकून द्या आणि नव्या घ्या. मूठभर मिरच्यांचं नुकसान झालं म्हणून जीव तुटतो खरा, पण पुढचे बदाम, तीळ, मनुका, चिकन आणि तुमची दुपार वाचते.

दुसरी जागा म्हणजे वाटलेलं मिश्रण, परतायच्या आधी. मिरच्यांचं वाटण आणि दाण्या-तिळाचं वाटण वेगवेगळं ठेवा आणि दोन्ही वेगवेगळी चाखा. एकत्र केलीत की दोषी कोण ते कळायचा मार्गच बंद होतो.

तिसरी जागा म्हणजे वाटण परतून झाल्यावर, स्टॉक घालायच्या आधी. तोवर चव ठीक होती आणि इथे बिघडली, तर ते बुडाला लागलं आहे.

चिकनचा स्टॉकही सुटा चाखून ठेवा. तो दोषी निघणं क्वचितच होतं, पण झालं तर भल्याभल्यांना चकवतं. त्याबद्दल पुढे.

चवीच्या जातीवरूनही बरंच कळतं. जळका कडूपणा असेल तर मिरची, तीळ, लसूण किंवा बुडाला लागलेलं वाटण. जीभ आखडल्यासारखी तुरट चव असेल तर बदामाची सालं किंवा जाड दालचिनी. खवट असेल तर दाणे जुने आहेत. आणि धातूसारखी चव आली तर भांडं बघा.

मिरच्या: खरा घोळ इथेच होतो

पुएब्लाच्या मोलेत मुख्यतः तीन सुक्या मिरच्या असतात: आंचो, मुलातो आणि पासिया. आंचो म्हणजे पिकवून वाळवलेली पोब्लानो. मुलातो तिचीच बहीण, फक्त ती लाल न होता तपकिरी पिकते. पासिया म्हणजे वाळलेली चिलाका, लांबट, सुरकुतलेली, जवळजवळ काळी. धुरकटपणासाठी एखादी चिपोतले, म्हणजे धुरावर वाळवलेली हालापेन्यो. यांतल्या आंचो-मुलातोला चांगला गर असतो, दाबली तर सुकवलेल्या जर्दाळूसारखी लवते. पासिया पातळ असते आणि सगळ्यात आधी तीच करपते. सगळ्या मिरच्या एकत्र तेलात सोडल्या तर आंचो नीट व्हायच्या आत पासिया जळलेली असते. म्हणून एकेक जात वेगळी परतायची, आणि तीही दोन-दोन, तीन-तीन करून.

भारतात या मिरच्या ऑनलाइन मिळतात, पण महाग, आणि कधी कधी इतक्या जुन्या येतात की हातात धरताच मोडतात. अशी कडक झालेली मिरची भाजायच्या आधीच निम्मी गेलेली असते. तिला गरम तव्यावर नुसतं क्षणभर टेकवून लवचीक करा आणि तेवढ्यावरच सोडा.

बरेच जण ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीवर काम भागवतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. मिरची मूळची मेक्सिकोकडचीच, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. आंचो आणि ब्याडगी वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने एकाच जातीत मोडतात. पण गराच्या बाबतीत दोघींत मोठं अंतर आहे आणि नेमकं तिथेच गणित चुकतं. मेक्सिकन पाककृतीत लिहिलेलं असतं, प्रत्येक बाजू १५-२० सेकंद परता. ती वेळ गरदार आंचोची आहे. ब्याडगीला गर जवळजवळ नसतोच, नुसती साल. तिला त्याच तेलात एका बाजूला ४-५ सेकंद पुष्कळ झाले. वेळ पाककृतीतून आणि मिरची ब्याडगीची, अशी सांगड घातली की करपणार हे ठरलेलंच. संकेश्वरी किंवा लवंगी मात्र वापरू नका. मोलेला मिरच्या संख्येने पुष्कळ लागतात, एवढ्या तिखट मिरच्यांनी रस्सा तोंडात धरवणार नाही. ब्याडगीत आंचोची मनुकांसारखी गोडसर खोली नसते, तेव्हा काळ्या मनुका थोड्या वाढवा किंवा सुके आलुबुखार दोन-तीन घाला.

परतायची रीत अशी. मिरचीचं देठ काढा, उभी चिरून पुस्तकासारखी उघडा, बिया आणि आतल्या फिकट शिरा झटकून टाका. बिया पातळ आणि कोरड्या, तेलात पडताच काळ्या होतात, म्हणून एकही राहू देऊ नका. कढईत चरबी किंवा तेल घ्या (तिकडे डुकराची चरबी वापरतात, आपल्याकडे शेंगदाण्याचं तेल चालतं), मध्यम आचेवर तापवा आणि मिरचीचा एक तुकडा टाकून बघा. बारीक बुडबुडे येऊन तुकडा हळू फुगला तर ठीक. टाकल्या क्षणी आक्रसून काळा पडला तर गॅस बंद करून तेल निवू द्या.

आता मिरचीची आतली बाजू वर ठेवून ती तेलात पसरा आणि नजर तिथून हलवू नका. आंचोची आतली बाजू गडद लालसर असते. ती उजळून तंबाखूच्या पानाच्या रंगावर येते, सालीवर लहान फोड उठतात आणि मनुका-तंबाखू असा काहीसा गोड वास सुटतो. तो वास आला की उलटवा, दोन-चार सेकंद थांबा, बाहेर काढा. बाहेर आल्यावरही ती स्वतःच्या उष्णतेने आणखी थोडी होतेच, म्हणून आपल्याला वाटतं त्याच्या किंचित आधीच काढायची. चाळणीत नाही, थेट भिजवायच्या गरम पाण्यात सोडलीत तर भाजणं तिथेच थांबतं.

आपल्याकडे मिरची भाजली की नाही हे ठसक्यावरून ठरवतात. घरात सगळे खोकायला लागले की झाली. मोलेसाठी हा अंदाज सोडून द्या. ठसका येईतो थांबलात तर उशीर झाला आहे. तीच गोष्ट काळ्या रश्शाची सवय असलेल्या हाताची. खानदेशी वाटणासाठी कांदा आणि खोबरं आपण चांगलं काळसर भाजतो आणि ते शोभतं, कारण खोबऱ्यात तेल आहे, कांद्यात गोडवा आहे, काळेपणा ते पचवतात. मिरचीच्या पातळ सालीत तेवढं बळ नसतं.

यात भर पडते ती मेक्सिकोतल्याच वाहाका प्रांताच्या मोले नेग्रोच्या, म्हणजे काळ्या मोलेच्या व्हिडिओंची. त्यात बायका चिल्वाक्ले मिरच्या पार काळ्या होईपर्यंत भाजताना दिसतात, बियासुद्धा जाळतात. ते खरंच तसं करतात. पण तो वेगळा पदार्थ आहे, आणि जाळल्यानंतर ते मिरच्या आणि बिया पाण्यात भिजवून, धुऊन तो कडूपणा उतरवतात. ती धुण्याची पायरी व्हिडिओत चटकन निघून जाते. भाजणं वाहाकाचं आणि बाकीची कृती पुएब्लाची, असा मेळ घालू नका.

रंगाच्या मागे लागूनही खूप मोले कडू झालेली आहेत. पुएब्लाच्या मोलेचा गडद तपकिरी रंग मुलातो आणि पासियातून येतो, शिवाय मंद आचेवर शिजून येतो. ब्याडगीचं मोले विटकरी तपकिरी होणार. होऊ द्या. फोटोसारखं काळं करायला मिरची जास्त भाजलीत तर रंग मिळेल आणि चव जाईल.

भिजवताना पाणी गरम हवं, पण गॅसवर खळखळ उकळत ठेवू नका. वर ताटली दाबून ठेवा म्हणजे मिरच्या बुडलेल्या राहतील. पाणी चांगलं लागलं तर वाटताना थोडं वापरा, शंका आली तर ओतून द्या आणि स्टॉकमध्ये वाटा. वाटण गाळणीतून घासून गाळणं मात्र टाळू नका. मिक्सरमध्ये कितीही फिरवलं तरी सालीचे कागदासारखे तुकडे उरतात, ते दातात येतात आणि तिथेच कडू लागतात. ब्याडगीत हा चोथा जास्तच निघतो. हात भरून येतो, पण गाळलेल्या वाटणाचा मऊपणा बघितलात की पुन्हा तक्रार करणार नाही.

तीळ, दाणे, मसाले

मिरच्या निर्दोष आणि तरी दुसरं वाटण कडू लागलं, तर पहिला संशय तिळावर. तीळ तडतडायला लागले की आच बंद. सोनेरी रंगावर आले की लगेच गार ताटात काढा, गरम कढईत राहिले तर दोन मिनिटांत तपकिरी होतात. न सोललेल्या तिळाला मुळातच थोडी कडसर चव असते, म्हणून मी पॉलिशचे पांढरे तीळ वापरते.

शेंगदाणे भाजून सालं काढलेले, बदाम गरम पाण्यात टाकून सोललेले. दाणे एक तोंडात टाकून बघायचे, खवट दाणा भाजल्यावर सुधारत नाही. लसूण सालासकट तव्यावर भाजा, म्हणजे पाकळी आत मऊ होते आणि जळत नाही. सोलून तेलात टाकलेली लसूण टोकाला काळी झाली तर ती पाकळी काढून टाका. टोमॅटोवर काळे डाग पडलेले चालतात, पण सबंध साल कोळसा झाली असेल तर सोलून घ्या. पाव आणि शिळी तोर्तिया (तिकडची मक्याची पोळी) तळताना बदामी रंगापुढे जाऊ नका.

दालचिनीकडे कुणाचं लक्ष जात नाही. मेक्सिकोत वापरतात ती सिलोन दालचिनी, पातळ पापुद्र्यांची, बोटांनी चुरडता येणारी. आपल्या बाजारात बहुतेक ठिकाणी मिळते ती जाड सालीची कॅसिया, उग्र आणि तुरट. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही दालचिनी मात्र खऱ्या, म्हणजे सिलोनच्याच जातीची आहे. कोकणात कुणी ओळखीचं असेल तर मागवून घ्या, फरक कळतो. कॅसियाच असेल तर पाककृतीत सांगितलेल्याच्या निम्मी घाला. लवंगा दोन-तीन बस्स.

वाटण परतताना

मोलेचं वाटण आपल्या नेहमीच्या वाटणापेक्षा जास्त लागतं, कारण त्यात मनुका-केळ्याची साखर आहे, पावा-तोर्तियाचा स्टार्च आहे आणि दाण्यांचा चिकटपणा. जाड बुडाचं पातेलं घ्या. आधी मिरच्यांचं वाटण एकटं परता, १० मिनिटं, ते दाटून रंग गडद होईपर्यंत. मग दाण्यांचं घाला. लाकडी उलथनं बुडाला घासत राहा, ते उचललं की बूड क्षणभर दिसलं पाहिजे. शिंतोडे उडतात, लांब बाह्या घाला. कडेने तेल सुटायला लागलं की स्टॉक.

स्टॉक घातल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि नेमकं तेव्हा बुडाला लागतं. तासभर तरी मंद आचेवर शिजायचं असतं, दर थोड्या वेळाने ढवळायला हवं. लागल्याचा वास आलाच तर खरवडू नका, ढवळूही नका. वरचं वरचं हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात ओता आणि बुडाला चिकटलेलं तिथेच सोडा. वेळेत केलंत तर वरच्या भागाला जळका वास लागत नाही.

लोखंडी कढई मला एरवी फार प्रिय, पण मोलेसाठी नको. टोमॅटोची आंबट चव आणि तासभर शिजणं, लोखंडाची चव उतरतेच. तिकडे मातीचं कासुएला वापरतात. आपल्याकडे स्टीलचं जाड पातेलं किंवा कल्हई केलेलं पितळी उत्तम.

स्टॉक आणि चिकन

सुटा चाखलेला स्टॉकच कडूजहर लागला तर कोंबडी साफ करताना पित्ताची पिशवी फुटलेली असते. काळजासकट आख्खी कोंबडी आणली तर हे होऊ शकतं. काळजावर किंवा आतल्या बाजूला हिरवट-पिवळा डाग दिसला तर तेवढा भाग कापून टाका आणि बाकीची कोंबडी भरपूर पाण्याने धुवा. स्टॉक एकदा कडू झाला तर ओतून द्यायचा, दुसरा उपाय नाही.

चिकन वेगळं शिजवा: हाडासकट तुकडे, कांदा, लसूण, मीठ, मंद आचेवर २५-३० मिनिटं. हेच पाणी स्टॉक म्हणून मोलेत जातं. शिजलेले तुकडे मोलेत शेवटची १०-१५ मिनिटं. पुएब्लात सणासमारंभाला यात टर्की असते, तिला जास्त शिजणं सोसतं. आपल्या ब्रॉयलरचा तासाभरात भुगा होतो. वेगळं शिजवण्याचा आणखी एक फायदा: मोले बिघडलं तर चिकन तरी वाचतं.

आता चॉकलेट

मेक्सिकन चॉकलेटच्या वड्यांत साखर भरपूर असते, दालचिनीही असते. त्याऐवजी ७०-८० टक्क्यांचं डार्क चॉकलेट तेवढंच घातलं, किंवा कोको पावडर घातली, तर थोडा कडूपणा वाढणारच. ५० टक्क्यांच्या आसपासचं घ्या आणि चमचाभर साखर किंवा गूळ जोडीला द्या. कंपाउंड चॉकलेट नको, त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते आणि ती जिभेवर मेणासारखी राहते. चॉकलेट घातल्यावर आच अगदी बारीक, कारण तेही बुडाला लागतं.

झालंच आहे कडू, आता काय?

आधी मीठ. मिठाने कडूपणा जिभेला कमी जाणवतो, आणि मोलेत मीठ कमी पडलेलं असणं फार सर्रास घडतं. चिमूट-चिमूट घालत चाखा, साखरेला हात लावायच्या आधी. मग गूळ, सुपारीएवढा. तिकडे पिलोन्सिओ घालतात, तो उसाचा गूळच.

एवढ्याने भागलं नाही तर मिरचीशिवायचं अर्धं वाटण करा: भाजलेले टोमॅटो, सोललेले बदाम, मनुका, तळलेला पाव. ते परतून, स्टॉक घालून बिघडलेल्या मोलेत मिसळा. मोले वाढेल, पण उरलेलं डीप फ्रीजरमध्ये छान टिकतं. लिंबू पिळू नका, आंबट आणि कडू मिळून आणखी बोचतात. बटाटा टाकून काही शोषलं जात नाही. क्रीमने धार बोथट होते खरी, पण मग ते मोले राहत नाही आणि जळका वास तसाच असतो.

हे सगळं सौम्य कडूपणासाठी. भिजवलेल्या पाण्यापासूनच जळकं होतं आणि तरी पुढे रेटलं असेल, तर रस्सा सोडून द्या. चिकनचे तुकडे स्टॉकमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी तोर्तियात किंवा पोळीत कांदा-कोथिंबीर घालून खाता येतील.

सीमारेषेवरचं असेल तर निर्णय आज घेऊ नका. चिकन न घालता मोले झाकून फ्रीजमध्ये ठेवा. मोले मुरल्यावर चांगलं लागतं हे तिकडे सगळेच मानतात, आणि मीठ-गूळ-तेल रात्रभर एकमेकांत गेलं की कडा बऱ्याच घासल्या जातात. सकाळी स्टॉक घालून सैल करा, मंद आचेवर गरम करा, पुन्हा चाखा. ठीक वाटलं तर चिकन सोडा आणि वरून भाजलेले तीळ पेरून भाताबरोबर वाढा.